गोव्याचा शिक्का, दिल्लीचा शिक्का: राज्य सरकार परदेशाशी कसं वागतं?

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या घरातला मुलगा एक कागद घेऊन माझ्याकडे आला. हॉटेल मॅनेजमेंटची पदविका झालेली, कुवेतमधल्या एका हॉटेलात नोकरी ठरलेली, आणि निघण्याआधी प्रमाणपत्रावर सह्या-शिक्के करून घेण्यासाठी महिनाभर फेऱ्या चाललेल्या. त्याने कागद उलटा करून मागची बाजू दाखवली. आधी गोवा सरकारचा शिक्का आणि अधिकाऱ्याची सही, त्याच्या शेजारी भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, उरलेल्या कोपऱ्यात कुवेतच्या दूतावासाचा अरबी शिक्का. त्याचा प्रश्न सरळ होता: पदविका गोव्याची, ती देणारी संस्था गोव्याची, सही करणारा अधिकारीही गोव्याचा, मग गोव्याच्या शिक्क्यावर कुवेतचं भागत का नाही?

भारताचं संघराज्य कसं चालतं, हे त्या कागदाच्या पाठीवर फार स्वच्छ दिसतं. पहिला शिक्का सांगतो, ही सही खरी आहे, सही करणाऱ्याला आम्ही ओळखतो. दुसरा शिक्का सांगतो, हे गोवा सरकार आमचंच आहे. तिसरा सांगतो, हा भारत सरकारचा शिक्का आम्हाला मान्य आहे. कुवेतची ओळख भारताशी आहे. गोवा, केरळ किंवा महाराष्ट्र ही नावं त्याच्या लेखी भारताच्या पोटातली.

आणि तरीही गोव्यात परदेशाशी संबंध नसलेलं घर शोधावं लागतं. कोणाचा भाऊ बोटीवर तारवटी, म्हणजे खलाशी, आहे, कोणाची बहीण आखातात नर्स आहे, कोणी पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला जाऊन राहिलंय. सासष्टी-बार्देशात हे जास्त, पण आमच्या डिचोली-फोंड्याकडेही वर्षानुवर्षं खनिज बार्जमधून मुरगावला आणि तिथून जपान-चीनला गेलं. त्या खनिजावर ट्रकवाल्यापासून गॅरेजवाल्यापर्यंत सगळ्यांची चूल पेटली. ज्या राज्याचं रोजचं जगणं एवढं परदेशाशी बांधलेलं आहे, त्या राज्याच्या सरकारला परदेशाशी बोलण्याचा अधिकार किती? हे समजून घ्यायला आधी घटना उघडावी लागते.

घटना काय म्हणते

घटनेच्या सातव्या परिशिष्टात तीन याद्या आहेत: केंद्राच्या विषयांची, राज्यांच्या विषयांची आणि दोघांच्या समाईक विषयांची. केंद्राच्या यादीतली १० वी नोंद परराष्ट्र व्यवहारांची. भारताचा परदेशाशी संबंध येईल अशी प्रत्येक बाब या एका नोंदीत बसते. पुढच्या नोंदींमध्ये राजदूत आणि वाणिज्य दूत, संयुक्त राष्ट्रं, आंतरराष्ट्रीय परिषदा आणि करार आहेत. १७ व्या नोंदीत नागरिकत्व, १९ व्या नोंदीत पासपोर्ट आणि व्हिसा, ४१ व्या नोंदीत परदेशी व्यापार. राज्यांच्या यादीत पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, पाणी, मासेमारी.

इथपर्यंत वाटणी नीट वाटते. पण २५३ वं कलम वाचलं की चित्र बदलतं. एखाद्या आंतरराष्ट्रीय कराराची अंमलबजावणी करायची असेल, तर विषय राज्याच्या यादीतला असला तरी संसद त्यावर कायदा करू शकते, असं हे कलम सांगतं. मासेमारी राज्याचा विषय आहे, म्हणून एरवी संसदेला त्यात हात घालता येत नाही. पण भारताने मासेमारीबद्दल एखादा आंतरराष्ट्रीय करार केला, तर येतो. म्हणजे दिल्लीने परदेशात केलेली एक सही राज्याच्या यादीतला विषय तेवढ्यापुरता दिल्लीकडे नेऊ शकते.

हे सगळीकडे असंच असतं असं नाही. कॅनडातही करार करण्याचा अधिकार केंद्राचाच आहे. पण १९३७ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश साम्राज्यातल्या शेवटच्या अपिलाच्या न्यायपीठाने, निवाडा दिला की केंद्राने करार केला म्हणून प्रांतांच्या विषयावर केंद्राला कायदा करता येणार नाही. तो प्रांतांनीच करायचा. निवाडा लिहिणाऱ्या लॉर्ड ॲटकिन यांनी राज्यसंस्थेला जहाजाची उपमा दिली: जहाज परक्या समुद्रात गेलं तरी त्यातले पाणी न शिरणारे कप्पे तसेच राहतात. आपल्याकडे ब्रिटिशांच्या काळातल्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यातही प्रांताच्या संमतीची अट होती. घटना लिहिताना ती अट गेली आणि २५३ वं कलम आलं. फाळणी ताजी होती, संस्थानं नुकतीच सामील होत होती. त्या वेळी देशाचा आवाज एकच असावा असं घटनाकारांना वाटलं, आणि ते समजण्यासारखं आहे. पण त्या निवडीची किंमत कोण मोजतं, हेही पाहायला हवं.

मग राज्यांच्या हातात काय उरतं?

प्रत्यक्षात बरंच उरतं. अभ्यासक या प्रकाराला पॅराडिप्लोमसी म्हणतात. मराठीत समांतर मुत्सद्देगिरी म्हणता येईल. राज्य सरकार परदेशाशी तह करत नाही, पण परदेशी कंपन्यांना बोलावतं, पर्यटन मेळ्यांत मंडप उभारतं, सामंजस्य करार करतं, परदेशातल्या आपल्या माणसांसाठी खातं काढतं. गुजरातने २००३ पासून गुंतवणूकदारांची परिषद भरवायला सुरुवात केली. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री जागतिक आर्थिक मंचाच्या बैठकीसाठी दावोसला जातात. केरळने १९९६ मध्येच परदेशस्थ केरळीयांसाठी वेगळा विभाग काढला. मुंबई आणि जर्मनीतलं स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. मात्र मंत्र्याला सरकारी कामासाठी परदेशी जायचं तर परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी लागते, आणि सामंजस्य करार आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने तह ठरत नाही.

पैशाचं बघा. २९३ व्या कलमानुसार राज्याला देशातच कर्ज काढता येतं, परदेशातून नाही. पण गोव्यात पाण्याच्या आणि मलनिस्सारणाच्या कामावर ‘जायका’चे फलक कित्येकांनी पाहिले असतील. हे जपान सरकारच्या संस्थेचं कर्ज, त्याचा करार २००७ सालचा. पाणी गोव्याचं, खोदलेले रस्ते गोव्याचे, पण कागदावर कर्जदार भारत सरकार. केंद्र ते कर्ज घेतं आणि राज्याकडे देतं. २००५ पासून बहुतेक राज्यांना अशी परदेशी कर्जं ज्या अटींवर आली त्याच अटींवर पुढे दिली जातात, म्हणजे येन महाग झाला तर त्याचा भारही राज्यावर. करार करण्याचा अधिकार दिल्लीचा आणि चलनाचा धोका पणजीचा, ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. २०१७ मध्ये यात एक खिडकी उघडली. आर्थिक स्थिती चांगली असलेल्या राज्यांच्या संस्थांना केंद्राच्या हमीवर थेट परदेशी सरकारी कर्ज घेण्याची मुभा मिळाली. तिचा पहिला लाभ मुंबईच्या शिवडी-न्हावाशेवा सागरी पुलाला झाला.

खनिजाचंही तसंच. २०२२ च्या मे महिन्यात केंद्राने लोहखनिजावरचं निर्यात शुल्क ५० टक्के केलं. देशातलं पोलाद स्वस्त राहावं, हा हेतू. पण गोव्याचं खनिज बहुतेक कमी प्रतीचं, ५८ टक्क्यांपेक्षा कमी लोहाचं. देशातल्या पोलाद कारखान्यांना ते फारसं नको असतं. त्याला गिऱ्हाईक परदेशातच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कमी प्रतीच्या खनिजावरचं शुल्क काढलं गेलं. ते सहा महिने गोव्याचा निर्यात धंदा दिल्लीतल्या एका अधिसूचनेकडे डोळे लावून बसला होता.

बोट धक्क्याला लागेपर्यंत

२०२० चा एप्रिल गोव्यातली कुठलीही तारवट्याची बायको विसरलेली नाही. टाळेबंदी जाहीर झाली, बंदरं बंद झाली, आणि जगभरच्या क्रूझ जहाजांवर काम करणारी आपली माणसं समुद्रातच अडकली. काही जहाजं तर भारताच्या किनाऱ्याजवळ येऊन नांगर टाकून होती. फोनवर नवऱ्याला किनारा दिसतोय आणि उतरता येत नाही. घरच्यांनी आमदारांकडे, मुख्यमंत्र्यांकडे धाव घेतली.

मुख्यमंत्री काय करू शकत होते? दिल्लीला पत्र लिहिणं, फोन करणं, पुन्हा फोन करणं. खलाशाला जहाजावरून उतरू द्यायचं की नाही हा देशात प्रवेश देण्याचा प्रश्न, म्हणजे केंद्राचा. २१ एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाने खलाशांना उतरवण्याची कार्यपद्धती काढली, आणि दोन दिवसांनी मुंबईत ‘मरेला डिस्कव्हरी’ या जहाजावरचे भारतीय खलाशी उतरले. त्यात गोव्याचेही होते. ते गोव्यात पोचल्यावर मात्र त्यांची चाचणी, त्यांचं विलगीकरण, हॉटेलची खोली, जेवणाचा डबा, सगळं राज्य सरकारचं काम झालं, कारण सार्वजनिक आरोग्य राज्याच्या यादीत आहे. धक्क्याला लागेपर्यंत माणूस दिल्लीच्या अखत्यारीत आणि धक्क्यावरून घरी निघाला की पणजीच्या. एकाच माणसाच्या एकाच प्रवासात हद्द अशी बदलली.

पोर्तुगाल: गोव्याचा जुना धागा

भारतातल्या इतर राज्यांना जे नाही ते गोव्याला आहे: युरोपातल्या एका देशाशी साडेचारशे वर्षांचं, दुखरं आणि गुंतलेलं नातं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण पोर्तुगालने ते मान्य करायला तेरा वर्षं घेतली. लिस्बनमधली हुकूमशाही १९७४ च्या एप्रिलमध्ये कोसळली, आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला नवी दिल्लीत करार झाला. भारताच्या बाजूने परराष्ट्रमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण होते, पोर्तुगालच्या बाजूने मारियो सोआरिस. गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने त्या कागदावर मान्य केलं. गोवा तेव्हा केंद्रशासित प्रदेश होता. घटकराज्य झाला तो ३० मे १९८७ ला.

या करारानंतर हळूहळू सुटलेली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. मुक्तीच्या आधी अनेक गोमंतकीयांनी पणजीतल्या बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या बँकेत दागिने गहाण ठेवून कर्ज काढलं होतं. मुक्तीच्या आधीच बँकेने ते सोनं लिस्बनला हलवलं. गहाण ठेवलेल्या पाटल्या, गोठ, मंगळसूत्रं दोन देशांच्या भांडणात परदेशी तिजोरीत जाऊन पडली. आमच्या वाड्यावरच्या एका आजीने पावती ट्रंकेच्या तळाशी, साडीच्या घडीत जपून ठेवली होती. पोर्तुगीजमधला छापील मजकूर, शाईने लिहिलेलं वजन. ते सोनं भारतात परत आलं १९९१ मध्ये, दोन सरकारांच्या वाटाघाटींनंतर. तीस वर्षं! कर्ज फेडायला तयार असलेल्या बाईला आपल्याच पाटल्या सोडवून घेता येत नव्हत्या, कारण पणजीतला कुठलाही अधिकारी लिस्बनला पत्र लिहून त्या मागवू शकत नव्हता. परराष्ट्र व्यवहार हा शब्द मोठा वाटतो, पण तो कधीकधी एखाद्या बाईच्या मनगटापर्यंत येतो.

आज तोच धागा नागरिकत्वात दिसतो. पोर्तुगालच्या कायद्याने मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, आणि त्यांच्यामुळे पुढच्या पिढ्यांनाही, तिथलं नागरिकत्व मिळवण्याची वाट ठेवली. त्यासाठी जन्माची नोंद लिस्बनमध्ये करावी लागते. भारतात मात्र दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपण होऊन घेतलं की भारताचं संपतं. आता प्रश्न असा: लिस्बनला जन्म नोंदवला म्हणजेच नागरिकत्व घेतलं का? भारतीय पासपोर्ट परत करायचा की तो रद्द होणार? भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड मिळणार की नाही? हजारो कुटुंबांच्या घरी, जमिनीच्या वाटण्यांत, मतदारयादीत हा प्रश्न बसलेला आहे. यातला जन्माचा मूळ दाखला गोव्याच्या निबंधकाच्या दप्तरात असतो, पण उत्तर ठरवणारी दोन्ही टोकं, दिल्ली आणि लिस्बन, गोव्याबाहेर. गोव्याचा मुख्यमंत्री गाऱ्हाणं घेऊन दिल्लीला जाऊ शकतो. नियमातलं एक अक्षर बदलण्याचा अधिकार त्याला नाही.

इथे मकावची आठवण होते. तेही पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं; २० डिसेंबर १९९९ ला चीनकडे गेलं. चीन संघराज्य नाही, तिथे लोकशाही नाही, आणि तरीही मकाव जागतिक व्यापार संघटनेचा स्वतःच्या नावाने सदस्य आहे. पोर्तुगीज भाषेशी नातं असलेल्या देशांच्या लुसोफोनिया क्रीडास्पर्धा २००६ मध्ये मकावमध्ये झाल्या, २०१४ च्या जानेवारीत गोव्यात. मकावचा संघ मकावच्या नावाने आला. गोव्याचे खेळाडू आपल्याच मैदानावर भारताच्या नावाने उतरले, आणि तेच योग्य होतं. मकावकडे स्वतंत्र आवाज आहे पण तो निवडणारा मतदार मोकळा नाही; गोव्याकडे मोकळा मतदार आहे पण बाहेर स्वतंत्र आवाज नाही. मला आपली बाजू शंभर वेळा पसंत आहे.

दोन खासदारांचं वजन

कागदावर सगळी राज्यं सारखी. व्यवहारात कोणाचं ऐकलं जातं, हे दिल्लीतल्या आकड्यांवर ठरतं. २०११ च्या सप्टेंबरमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग ढाक्याला निघाले होते. तीस्ता नदीच्या पाणीवाटपाचा करार तयार होता. शेवटच्या क्षणी पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी सोबत जायला नकार दिला, आणि करार राहिला तो राहिलाच. कायद्याने केंद्राला तो करता आला असता. पण बंगालचे लोकसभेत ४२ खासदार, आणि तृणमूल तेव्हा सरकारचा घटक पक्ष. याच बंगालने १९९६ मध्ये उलटही केलं होतं. ज्योती बसूंनी पाठबळ दिलं म्हणून बांगलादेशाशी गंगेच्या पाण्याचा तीस वर्षांचा करार होऊ शकला. तमिळनाडूने श्रीलंकेच्या बाबतीत दिल्लीला अनेकदा असंच थांबायला लावलं आहे.

गोव्याचे लोकसभेत दोन खासदार, राज्यसभेत एक. २०२१-२२ मध्ये याचा अनुभव किनाऱ्यावर झापांची खानावळ चालवणाऱ्या शॅकवाल्यांनी घेतला. कोविडमध्ये ई-व्हिसा बंद झाले होते. नंतर ते बहुतेक देशांना सुरू झाले, पण ब्रिटनला नाहीत, कारण दिल्ली आणि लंडनमध्ये लसीची प्रमाणपत्रं आणि विलगीकरण यांवरून तणातणी झाली होती. ब्रिटिश पर्यटक म्हणजे दक्षिण गोव्याच्या किनाऱ्यावरचं जुनं, दरवर्षी त्याच शॅकमध्ये येऊन बसणारं गिऱ्हाईक. त्यात बरेच वयस्कर. त्यांना स्वतः व्हिसा केंद्रावर जाऊन रांग लावायची पाळी आली. इथल्या पर्यटन व्यावसायिकांनी आणि सरकारने दिल्लीकडे मागणी लावून धरली. ब्रिटिशांसाठी ई-व्हिसा पुन्हा सुरू झाला २०२२ च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे हंगाम अर्ध्यावर आल्यावर. शॅकची झापं ऑक्टोबरमध्ये बांधली जातात. त्या कर्जाचे हप्ते दिल्ली-लंडनची समजूत होईपर्यंत थांबत नाहीत.

मोठ्या बैठका गोव्यात होतात, हे खरं. १९८३ मध्ये राष्ट्रकुलाच्या नेत्यांचा विसावा इथे झाला, २०१६ मध्ये ब्रिक्सची शिखर परिषद, २०२३ मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक बाणावलीत, त्याच वर्षी जी-२० च्या अनेक बैठका. रस्ते डांबरले जातात, पोलीस आणि आरोग्य यंत्रणा राज्याची राबते. पण यजमानपण आणि सहभाग या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मांडव आपल्या अंगणात पडला तरी लग्न ठरवायला आपल्याला कोणी बसवलेलं नसतं.

इतर देश राज्यांना किती दोर देतात?

बेल्जियम एका टोकाला आहे. १९९३ पासून तिथल्या घटक प्रदेशांना आपापल्या विषयांवर परदेशाशी करार करता येतात. विषय घरी ज्याचा, बाहेरही त्याचाच, हे तिथलं सूत्र. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये युरोपीय संघ आणि कॅनडा यांच्यातला व्यापार करार वालोनिया या छोट्या प्रदेशाच्या संसदेने अडवून धरला. शेतकऱ्यांचं काय होणार आणि परदेशी कंपन्या सरकारांवर कुठल्या लवादात दावे लावणार, हे त्यांचे प्रश्न होते. खुलासे लेखी मिळाल्यावरच मान्यता आली आणि ३० ऑक्टोबरला सह्या झाल्या. ३६ लाखांचा प्रदेश, ५० कोटींचा युरोपीय संघ.

कॅनडातल्या क्युबेकने १९६५ मध्येच जाहीर केलं की शिक्षणासारखे जे विषय घरी आमचे, ते परदेशातही आम्हीच बघू. आज त्यांची कार्यालयं जगभर आहेत, मुंबईतही एक आहे.

दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियाचं उदाहरण. तिथल्या व्हिक्टोरिया राज्याने चीनच्या बेल्ट अँड रोड या, देशोदेशी रस्ते-बंदरं उभारण्याच्या, योजनेशी परस्पर समझोता केला. केंद्राने २०२० मध्ये राज्यांचे असे समझोते तपासण्याचा कायदा केला आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये तो समझोता रद्द करून टाकला. राज्य आर्थिक संधी बघतं, पण समोरचा देश त्यातून राजकारण करत असेल तर ते राज्याच्या ध्यानात येईलच असं नाही. केंद्राचा हा मुद्दा मला बिनतोड वाटतो.

मला सगळ्यात पटतं ते जर्मनीच्या घटनेतल्या ३२ व्या कलमातलं एक वाक्य. एखाद्या कराराचा एखाद्या राज्याच्या विशेष परिस्थितीशी संबंध येत असेल, तर करार करण्याआधी त्या राज्याला वेळेवर विचारलं पाहिजे. नकाराधिकार नाही. विचारणं, आणि तेही वेळेवर. स्वित्झर्लंडच्या घटनेतही कँटनांसाठी, म्हणजे तिथल्या घटकराज्यांसाठी, असंच कलम आहे. आपल्याकडे २००२ मध्ये घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या आयोगाने आणि २०१० मध्ये केंद्र-राज्य संबंधांवरच्या पुंछी आयोगाने, करार करताना राज्यांना विश्वासात घ्यावं अशा शिफारशी केल्या. त्यांचा कायदा झालेला नाही. २०१४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयात राज्यांसाठी एक वेगळा विभाग निघाला, तो कामाचा आहे, पण तो मुख्यतः राज्यांना परदेशी गुंतवणूक आणि संपर्क मिळवून द्यायला मदत करतो.

२०२४ च्या जुलैमध्ये केरळने एका ज्येष्ठ सनदी अधिकाऱ्याकडे ‘बाह्य सहकार्य’ हे काम सोपवलं. परराष्ट्र मंत्रालयाने लगेच सुनावलं की परराष्ट्र व्यवहार हा समाईक विषयही नाही आणि राज्याचा तर नाहीच. केरळने खुलासा केला की हे फक्त समन्वयाचं काम आहे. हाच केरळ, ज्याने २०१८ च्या महापुरात परदेशी सरकारांची मदत घेता यावी म्हणून आग्रह धरला होता आणि केंद्राने ती नाकारली होती. मला वाटतं, नेमणुकीच्या नावावरून एवढं बिनसण्याची गरज नव्हती. लाखो माणसं परदेशात असलेल्या राज्याला दूतावासांशी रोज बोलणारा एक माणूस लागतोच.

गोव्याकडे अनिवासी गोमंतकीयांसाठी कार्यालय आहे. माजी केंद्रीय परराष्ट्र राज्यमंत्री एदुआर्द फालेरो यांनी ते आयुक्त म्हणून सांभाळलं होतं. पण परदेशस्थांची कागदपत्रं बघणं वेगळं, आणि उद्या जो करार होणार आहे त्याचा मसुदा आज वाचून गोव्यावर काय परिणाम होईल हे लेखी दिल्लीला कळवणं वेगळं. या दुसऱ्या कामासाठी चार माणसं पुरतील: एक पोर्तुगीज चांगलं वाचणारा, एक व्यापार कायदा जाणणारा, एक समुद्र आणि मासेमारी कळणारा, एक आखातातल्या कामगार नियमांचा माहीतगार. दोन खासदारांच्या राज्याचं वजन आकड्यांनी वाढणार नाही. अभ्यास करून, वेळेत लिहिलेल्या टिपणाने वाढू शकतं.

मासेमारीचं काम तर समोरच आहे. १७ जून २०२२ ला जिनेव्हात जागतिक व्यापार संघटनेने मासेमारीच्या अनुदानांवर एक करार संमत केला आणि १५ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू झाला. बेकायदा मासेमारीला आणि साठे संपत आलेल्या माशांच्या मासेमारीला सरकारी पैसा देऊ नये, हा त्याचा गाभा. पुढच्या टप्प्याच्या वाटाघाटी अजून संपलेल्या नाहीत. त्यात प्रमाणाबाहेर वाढलेल्या ताफ्यांचा आणि अनुदानांचा प्रश्न आहे, आणि विकसनशील देशांना पंचवीस वर्षांची सवलत मिळावी अशी भूमिका भारताने घेतली आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी गोवा सरकारकडे आहे, त्यापलीकडची केंद्राकडे. पावसाळ्यातली ६१ दिवसांची बंदीसुद्धा दोन सरकारं आपापल्या पाण्यात वेगवेगळी लावतात. मासळीला सीमा दिसत नाही.

१ ऑगस्टला बंदी उठते. आदल्या आठवड्यात मालीमच्या जेटीवर गेलात तर ट्रॉलरवर बर्फ चढताना दिसेल, जाळी शिवणारे खलाशी दिसतील, आणि जवळच डिझेलच्या बिलांची चळत रबरबँडने बांधून हिशेब लिहीत बसलेला एखादा ट्रॉलरमालक. त्या डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा राज्य सरकार देतं, आणि अनेकांची पहिली फेरी त्याच हिशेबावर निघते. उद्या जिनेव्हात इंधनावरच्या अनुदानाबद्दल काय ठरतं त्यावर त्या परताव्याचं पुढचं आयुष्य आहे. मसुद्यावर गोव्याचं म्हणणं मांडायचं असेल तर ते आत्ता, वाटाघाटी चालू असतानाच, पणजीहून दिल्लीला जायला हवं.